पूरप्रवण भूखंडाचा तपासणी अहवाल : कुर्ल्यातील एका सोसायटीने घेतलेल्या सेवेचे परीक्षण

मुंबईत जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचे वारे सुरू झाल्यापासून एक नवीन सेवा बाजारात आली आहे. भूखंड नदी, नाला किंवा खाडीच्या जवळ असेल, तर त्यावर कोणकोणते नियम लागू होतात आणि पाणी प्रत्यक्षात कुठवर येऊ शकते, याचा लेखी अहवाल सोसायटीला करून देणारी ही सेवा आहे. वास्तुविशारद, निवृत्त अभियंते आणि भूमापक मिळून असे छोटेखानी कार्यालय चालवतात. कुर्ला पश्चिमेला मिठी नदीच्या बाजूस असलेल्या आमच्या सोसायटीने, विकासकांकडून निविदा मागवण्यापूर्वी, अशाच एका कार्यालयाकडून हा अहवाल करून घेतला. शुल्क ४५,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे पडले. कार्यालयाचे नाव येथे मुद्दामच देत नाही. ही सेवा देणारे अनेक आहेत आणि त्यांच्या अहवालांचा साचाही बहुधा सारखाच असतो, त्यामुळे पैसे देण्यापूर्वी काय मागावे हे कळणे नावापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

सर्वसाधारण सभेत पहिला आक्षेप खर्चावरच आला. प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, म्हणजे पीएमसी, नेमलेलाच आहे. तो विकास आराखड्याचा अभिप्राय आणि पर्जन्य जलवाहिनी खात्याचा अभिप्राय आणणारच आहे. मग हा वेगळा भुर्दंड कशासाठी, असे बहुतेक सभासदांचे म्हणणे होते. आक्षेप रास्त वाटतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. विकास आराखड्याच्या अभिप्रायातून भूखंडावर आरक्षण आहे का, रस्तारुंदी किती जाते आणि विभाग कोणता हे समजते. जलवाहिनी खात्याच्या अभिप्रायातून नाल्यालगत किती जागा मोकळी सोडावयाची आणि आपले पाणी कोणत्या गटारात न्यावयाचे हे समजते. हे दोन्ही कागद परवानगीसाठी लागतात. मात्र जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली तर आपल्या जिन्यात पाणी कितव्या पायरीवर उभे राहील, हा प्रश्न या दोन्ही कागदांना कोणी विचारलेलाच नसतो. परवानगी मिळणे आणि जमीन कोरडी राहणे या दोन गोष्टी एकच आहेत, असे गृहीत धरून मुंबईतील कित्येक सोसायट्या विकासकाशी करार करून मोकळ्या होतात.

अहवालातील सर्वांत मोलाचे पान म्हणजे पातळ्यांचा तक्ता. एका पानाचा, आकडेच आकडे असलेला आणि दिसायला अगदी रूक्ष असा हा तक्ता आहे. तरीही संपूर्ण शुल्क या एकाच पानाचे होते असे म्हटले तरी मला वावगे वाटणार नाही. मुंबईत जमिनीची उंची टाऊन हॉल डेटमवर, म्हणजे फोर्टातील टाऊन हॉलच्या संदर्भाने ठरवलेल्या पातळीवर, मोजण्याची जुनी रीत आहे आणि महापालिकेच्या कागदांत ती ‘टी.एच.डी.’ या अक्षरांनी येते. भूमापकाने लेव्हल यंत्र आणि मोजपट्टी घेऊन समोरचा रस्ता, आमचे फाटक, जिन्यासमोरची फरशी, मागचे आवार, नाल्याच्या भिंतीचा माथा आणि नाल्याचा तळ अशा प्रत्येक ठिकाणची पातळी घेतली. समोरचा रस्ता २८.१० मीटर निघाला आणि जिन्यासमोरची फरशी २७.८५ मीटर. इमारत बांधली तेव्हा फरशी रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या उंच होती, हे जुन्या सभासदांना आठवते. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, पुढे काँक्रीट झाले आणि आमचे आवार वाटीसारखे खाली राहिले. हे डोळ्यांना दिसत होतेच, पण २५ सेंटिमीटर हा आकडा पुढ्यात आल्यावर सभेतला वाद संपला.

पुराच्या खुणेच्या बाबतीत या कार्यालयाने दाखवलेली चिकाटी विशेष नोंदवण्यासारखी आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला होता. त्या पुरानंतर कोणीतरी आमच्या जिन्यालगतच्या भिंतीवर लाल रंगाची रेघ मारून ठेवली आहे आणि सोसायटीत तीच पुराची खूण म्हणून मानली जाते. भूमापकाने मोजपट्टी त्या रेघेला लावली, तेव्हा तळमजल्यावरील आजी दारातून म्हणाल्या, “ती रेघ दुसऱ्या दिवशीची आहे रे बाळा, पाणी उतरायला लागल्यावरची. खरं पाणी आमच्या फडताळाच्या वरच्या कप्प्यापर्यंत होतं.” दुसऱ्या एखाद्याने हसून विषय सोडून दिला असता. हा भूमापक मात्र आत गेला. भिंतीतल्या त्या फडताळाची वरची फळी कडेने फुगलेली आणि बिजागरी गंजलेली त्याला दिसली. ती पातळी त्याने फरशीपासून मोजली आणि शेजारच्या इमारतीतील दोन घरांतून तिचा पडताळाही घेतला. रेघ फरशीपासून १.१० मीटरवर होती, फडताळाची खूण १.३० मीटरवर. तक्त्यात पूरपातळी २९.१५ मीटर अशी गेली आणि तिच्यापुढे ही खूण कशी ठरवली याचे चार ओळींचे टिपण आले. अहवालात इतक्या प्रामाणिकपणे लिहिलेली दुसरी जागा नाही.

याच आकड्यावर नियमांचे प्रकरण उभे आहे आणि येथे अहवाल चांगला वाचनीय झाला आहे. मुंबईसाठी विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू आहे. ती २०१८ मध्ये अंमलात आली. इमारतीचे जोते (प्लिंथ) सभोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ३० सेंटिमीटर उंच असावे आणि पूर येणाऱ्या भागात ते उच्चतम पूरपातळीच्या किमान ६० सेंटिमीटर वर असावे, असा नियम आहे. दुसरीकडे, सखल भूखंडावर बांधकामाची परवानगी देताना आयओडीत, म्हणजे महापालिकेच्या अटींच्या पत्रात, एक अट नेहमीच घातलेली असते : भराव घालून जमीन किमान ९२ फूट टी.एच.डी. किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा ६ इंच उंच, यांपैकी जे अधिक असेल तेवढी करावी. अहवालाने या दोन्ही गोष्टी आमच्या आकड्यांत मांडून दाखवल्या. ९२ फूट म्हणजे २८.०४ मीटर, रस्त्यापेक्षा ६ इंच उंच म्हणजे २८.२५ मीटर. म्हणजे भराव २८.२५ पर्यंत. पूरपातळी २९.१५ असल्याने, अट तंतोतंत पाळून भराव घातला तरी २००५ सारखा प्रसंग आल्यास नव्या आवारात ९० सेंटिमीटर पाणी उभे राहणार. जोत्याचा नियम पाळायचा तर जोते २९.७५ मीटरवर, म्हणजे भराव घातलेल्या जमिनीच्याही दीड मीटर वर न्यावे लागेल. भरावाची अट आणि जोत्याची अट या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि पहिली पाळली म्हणजे दुसरी आपोआप पाळली जात नाही, हे मला या अहवालातून प्रथम स्पष्ट झाले. निविदा भरणाऱ्या विकासकांपैकी एकाच्या नकाशात तर भरावाच्या पातळीलाच पुराचा बंदोबस्त समजून पुढचे सगळे काम केलेले होते.

दीड मीटर उंच जोत्याचे परिणामही अहवालात मांडलेले आहेत. चाकाच्या खुर्चीसाठी उतार १२ ला १ धरला तर दीड मीटर चढायला १८ मीटर लांबीचा उतार लागतो, मध्ये थांबे धरले तर त्याहून अधिक. आमच्या भूखंडाची पुढची मोकळी जागा पाहता हा उतार वळवूनच घ्यावा लागेल आणि अग्निशमन वाहनाच्या मार्गाशी त्याचा मेळ आताच घालावा लागेल. विकासकांना अर्थातच दुसरा मार्ग सोयीचा वाटतो, तो म्हणजे तळाला खांबांवरचे मोकळे वाहनतळ ठेवायचे आणि घरे वरून सुरू करायची. घरे त्यामुळे सुरक्षित राहतात, यात शंका नाही. पण मग मीटरची खोली, अग्निशमनाचा पंप, जनित्र, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि लिफ्टचा खड्डा खालीच राहतो आणि बाराव्या मजल्यावरच्या माणसाला घर कोरडे असूनही वीज, पाणी आणि लिफ्ट यांपैकी काहीच मिळत नाही. अहवालाने यांतील जे जे वर नेता येईल ते पूरपातळीच्या वर नेण्याची आणि भूमिगत टाकीचे झाकण व वायुनळीही त्याच पातळीच्या वर ठेवण्याची शिफारस केली आहे. शिफारस योग्य आहे, परंतु ती ‘सूचना’ या शीर्षकाखाली शेवटच्या पानावर, लहान टंकात गेली आहे. वाचणारा तोवर दमलेला असतो.

आता दोषांकडे. पहिला दोष गंभीर होता. मसुद्यात आठ पाने निळ्या आणि लाल पूररेषेवर होती : साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा; नदीकाठ ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, दोन रेषांमधले नियंत्रित क्षेत्र, आणि तेथे बांधकाम लाल रेषेच्या पातळीवर ४५ सेंटिमीटर उंच ठेवून करण्याची मुभा. मजकूर चुकीचा नाही. पण ही तरतूद २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीतील आहे आणि ती नियमावली बृहन्मुंबईला लागूच नाही. पुणे, कोल्हापूर, सांगली किंवा बदलापूर येथील भूखंडासाठी ती पाने मोलाची ठरली असती. कुर्ल्याच्या अहवालात ती दुसऱ्या कोणाच्या तरी अहवालातून उचलून चिकटवलेली होती, हे उघड होते. यामुळे नुकसान असे झाले की, काही सभासद ४५ सेंटिमीटर धरून बसले आणि मुंबईच्या नियमातील ६० सेंटिमीटर हा आकडा वाढीव आहे, असा वाद सुरू झाला. मूळ पाण्याची पातळी वेगळी, नियमावली वेगळी, आणि १५ सेंटिमीटरवरून एक पूर्ण सभा वाया गेली. लेखी हरकत घेतल्यावर कार्यालयाने ती पाने विनाशुल्क काढून टाकली. मिठीचे पुराचे अभ्यास झालेलेच नाहीत असे नाही, डॉ. माधव चितळे यांच्या समितीचा अहवाल आहे, खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने नदीवर काम केलेले आहे. काढलेल्या आठ पानांच्या जागी त्यांतील आमच्या पट्ट्याशी संबंधित निष्कर्ष आले असते, तर अहवालाचे वजन वाढले असते. ते झाले नाही.

दुसरा दोष किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या, प्रकरणातला. मिठीच्या खालच्या भागात भरतीचे पाणी शिरते आणि २०१९ च्या अधिसूचनेनुसार भरतीच्या प्रभावाखालील प्रवाहालगत ५० मीटर किंवा प्रवाहाची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा नियमनाखाली येतो. आमचा भूखंड या पट्ट्याच्या आत आहे की बाहेर, यावर परवानगीचा सगळा मार्ग अवलंबून होता. मसुद्यात यासाठी १ : २५,००० प्रमाणावरील नकाशाचा तुकडा मोठा करून लावला होता. या प्रमाणात नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. मोठा केल्यावर रेषाच इतकी जाड झाली की, आमची निम्मी इमारत रेषेच्या पोटात गेली आणि निम्मी बाहेर राहिली. अशा नकाशावरून निर्णय होऊच शकत नाही. यासाठी १ : ४,००० प्रमाणावरचा, सिटीएस (नगर भूमापन) क्रमांकांसह रेषा दाखवणारा आणि अधिकृत संस्थेकडून केलेला नकाशा लागतो आणि त्याचा खर्च स्वतंत्र असतो. कार्यालयाने हे पहिल्या बैठकीत सांगायला हवे होते. त्याच प्रकरणात, किनाऱ्यावरील पूर व धूप यांचा धोका कुठवर आहे हे दाखवणाऱ्या ‘धोका रेषे’चा उल्लेख बांधकामबंदीची रेषा असल्याच्या थाटात आला होता, २०१९ च्या अधिसूचनेत ती रेषा आपत्ती व्यवस्थापनासाठी वापरावयाची आहे, तिच्यामुळे बांधकामाला मनाई होत नाही. अंतिम प्रतीत हे वाक्य दुरुस्त झाले आहे. कांदळवनांभोवतीचा ५० मीटरचा पट्टा मात्र योग्य रीतीने तपासला होता आणि आमच्या बाबतीत तो लागू नाही, असा स्पष्ट निष्कर्ष छायाचित्रांसह दिला होता.

तळघराच्या बाबतीत अहवाल कमी पडला, असे मला वाटते. तळघरात वरचे पाणी शिरणार नाही अशी व्यवस्था असावी, हे नियमात आहेच आणि अहवालाने ते उद्धृत करून पंपांची संख्या सुचवली. पाणी तळघरात शिरते ते वाहनांच्या उताराच्या तोंडातून. अहवालातील नकाशात या उताराचा माथा भरावाच्या जमिनीपेक्षा जेमतेम ३० सेंटिमीटर वर, म्हणजे २८.५५ मीटरवर दाखवला होता. त्यांच्याच तक्त्यातील पूरपातळीच्या तो ६० सेंटिमीटर खाली येतो. माथ्यावरून पाणी एकदा आत ओसंडू लागले की पंपांचा हिशेब उरत नाही, शिवाय त्या वेळी वीज असेलच असे नाही. आमच्या समितीतील एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने हा आकडा स्वतः जुळवून पाहिला म्हणून ही विसंगती लक्षात आली. तक्ता करणाऱ्याने आणि तळघराचे प्रकरण लिहिणाऱ्याने एकमेकांशी बोलणे केले असते, तर ती राहिली नसती.

शेजाऱ्यांविषयी अहवाल गप्प आहे. आपण भराव घालून आवार उंच केले की आपल्याकडे थांबणारे पाणी मागच्या चाळीत जाणार. तेथील लोक आमच्या वरच्या मजल्यांवर आश्रयाला आले होते, हे २००५ चे साक्षीदार विसरलेले नाहीत. प्रत्येक भूखंडाने रस्त्यापेक्षा उंच व्हावे आणि रस्त्याने दर काही वर्षांनी पुन्हा उंच व्हावे, या चढाओढीला नियमातून उत्तर मिळत नाही. पण भरावाखालून जुना मोरीमार्ग चालू ठेवणे, आवारातील काही भाग फरसबंदीशिवाय ठेवणे, किंवा पावसाचे पाणी काही काळ धरून ठेवणारी टाकी करणे, इतके तरी अहवालाला सुचवता आले असते. हिंदमाता परिसरासाठी महापालिकेने मैदानाखाली पाणी साठवण्याच्या मोठ्या टाक्या बांधल्या आहेत. तीच कल्पना लहान प्रमाणात भूखंडावर आणणे अशक्य नाही. शहराच्या पर्जन्य जलवाहिन्या सुधारणेनंतरही ताशी ५० मिलिमीटर पाऊस धरून आखलेल्या आहेत आणि भरतीच्या वेळी समुद्राकडची दारे बंद असतात, तेव्हा पुढच्या काही तासांसाठी पाणी आपल्यालाच सांभाळावे लागते.

कामाची भाषा आणि वागणूक याविषयी तक्रार नाही. अहवाल मराठीत मिळेल का, असे विचारल्यावर त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, फक्त वेळ जास्त मागितला आणि ती वेळही पुढे ढकलली. सर्वसाधारण सभेत त्यांचे ज्येष्ठ अभियंते स्वतः आले. चटईक्षेत्र किती वाढणार या प्रश्नावर, तो आपला विषय नाही असे सांगून त्यांनी सभा पुन्हा पातळ्यांवर आणली. हे सोपे नव्हते, कारण त्या दिवशी निम्म्या सभासदांना दुसरे काही ऐकायचेच नव्हते.

मिठी, पोयसर, ओशिवरा किंवा दहिसर नदीलगतच्या आणि मोठ्या नाल्यांच्या काठच्या सोसायट्यांनी ही सेवा घ्यावी, आणि तीही निविदेच्या आधी. विकासक निश्चित झाल्यावर अहवालाला कोणी विचारत नाही. आमच्याकडे पातळ्यांचा तक्ता निविदेला जोडपत्र म्हणून लावला आणि जोते, उताराचा माथा, मीटरची खोली व टाकीचे झाकण यांच्या किमान पातळ्या टी.एच.डी.मध्ये लिहिण्याची अट घातली. दोन विकासकांनी ती मान्य केली, एकाने निविदाच मागे घेतली. कार्यादेश देताना तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : लागू असलेल्या नियमावलीचे नाव पहिल्या पानावर असावे, सीआरझेडचा नकाशा १ : ४,००० प्रमाणाचा असल्यास त्याचा खर्च शुल्कात धरला आहे की नाही हे नमूद असावे, आणि पाणी साचलेले असताना, म्हणजे जुलै-ऑगस्टमधील मोठ्या भरतीच्या दिवशी, भूमापकाची एक भेट ठरलेली असावी. या कार्यालयाच्या नेहमीच्या नमुन्यात ही पावसाळी भेट नसते. मागितल्यास ती स्वतंत्र शुल्क आकारून मिळते.